अनुभव धागा : खुर्चीवरून उठवणारं नाटक (बडोदेकरांनो, लिहा!)

गांधी नगरगृहात, आपल्या नाट्यगृहात, पडदा उघडायची वाट बघतच आपण मोठे झालो. पण ज्या नाटकात पडदाच नव्हता, किंवा तुम्हालाच उठून आत जावं लागलं, असे अनुभव इथे हवे आहेत. मीच सुरुवात करते.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन फोरम थिएटरच्या प्रयोगाला गेले. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी रुजवलेला हा प्रकार. प्रसंग एकदा पूर्ण करून दाखवतात, वाईट शेवटासकट. मग तोच पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांतलं कुणीही 'थांबा' म्हणून पात्राची जागा घेऊ शकतं. आमचा प्रसंग साधा होता. जेवणाची पानं मांडलेली, आणि सुनेनं नोकरी सोडावी म्हणून सासऱ्यांचं बोलणं चाललेलं. दुसऱ्या फेरीत माझ्या शेजारूनच आवाज आला, "थांबा!" आई! वय ७२. सुनेच्या जागी जाऊन बसली, आमटीची वाटी सासऱ्यांपुढे सरकवली आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या. मग मी बोलेन, आणि मधे कुणी बोलायचं नाही." आईनं १९७६ साली शाळेतली नोकरी सोडली होती. का सोडली, ते मला त्या रात्री रिक्षात कळलं.

दांडिया बाजार (बडोद्याच्या या भागातून एक वाचक) : ताई, वाचून अंगावर काटा आला. हे सगळं परदेशातून आलंय असं मात्र समजू नका. आपल्या गुजरातेत भवाई हे लोकनाट्य आहेच की! तिचे जनक असाइत ठाकर चौदाव्या शतकातले. मी मित्राच्या गावी, उत्तर गुजरातेत पाहिली. लोक गोल करून बसतात, मधल्या मोकळ्या जागेला चाचर म्हणतात. भुंगळ, म्हणजे तांब्याची लांबलचक तुतारी, वाजली की छातीत घुमते. 'रंगलो', म्हणजे भवाईतला विदूषक, नायकाशी (सूत्रधाराशी) वाद घालता घालता थेट माझ्यापुढे आला. "आ भाई वडोदराथी आव्या छे, एमने पूछो!" सगळं रिंगण माझ्याकडे वळलं. उत्तर दिलं, तेही गुजरातीत, आणि तिथून पहाटेपर्यंत मी त्या गावचाच होतो.

अलकापुरी : २०१९ साली लेकीकडे न्यूयॉर्कला गेले होते, तेव्हा 'स्लीप नो मोअर' पाहिलं. 'मॅकबेथ'वर बेतलेलं, पण संवाद जवळजवळ नाहीतच. प्रेक्षकांनी पांढरे मुखवटे घालायचे, बोलायचं नाही, मजल्यामजल्यांवर हवं त्या नटामागे जायचं. लेडी मॅकबेथ टबात रक्त धूत होती आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभी. २०२५ च्या जानेवारीत ते बंद झालं. असं काही बघायला जाणार असाल तर मुखवट्यासाठी चष्म्याऐवजी लेन्स लावा.

वाघोडिया रोड : माझा अनुभव कडू आहे. एका प्रयोगात नटांनी न विचारता बाबांना मंचावर ओढलं. बाबा अडखळत बोलतात. तोंडापुढे माईक धरला, नाव विचारलं, त्यांना पटकन सांगता येईना, तर लोक हसले. त्यानंतर बाबा एकाही नाटकाला आलेले नाहीत. तिकीट काढण्याआधी एवढं विचाराच : नुसतं बसून बघितलं तर चालेल ना? 'नाही' म्हणायचा हक्क नसेल तर त्याला सहभाग कसा म्हणायचा?

रावपुरा : प्लेबॅक थिएटर कुणी पाहिलंय का? जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू केलं. आपण आठवण सांगायची, नट ती तिथल्या तिथे करून दाखवतात, तालीम नाही. मी पाडलेल्या वाड्यातली विहीर सांगितली. आजीचं काम करणारी मुलगी रहाट ओढायला उभी राहिली ती डावा पाय पुढे टाकून. आजी अश्शीच उभी राहायची, आणि हे मी सांगितलंच नव्हतं.

धागाकर्ती : वाघोडिया रोड, बाबांचं वाचून फार वाईट वाटलं. पुढच्या प्रयोगाला त्यांना आमच्याबरोबर येऊ द्या. आईच्या शेजारची खुर्ची ठेवते. आम्ही शेवटच्या रांगेत बसतो.