रोजच्या स्वयंपाकासाठी भरवशाचं एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं?

सातारकर_३८

आई मार्चमध्ये गेली. घरात आता मी आणि बाबा दोघंच. बाबांचं वय ७१, बाहेरचं त्यांना सोसत नाही. महिनाभर डबा लावून पाहिला, त्यात तेल आणि तिखट दोन्ही जास्त. म्हणून आता मीच करायला घेतलंय. पोळ्यांना मावशी येतात. वरण-भात, एक भाजी, आमटी आणि सकाळी उपमा-पोहे एवढं तरी मला नीट जमायला हवं.

व्हिडिओ बघून करत होतो. पण प्रत्येकाचं प्रमाण निराळं, आणि हळदीच्या हाताने फोन मागे-पुढे करत बसायचं. घरात भेट आलेलं एक पुस्तक होतं, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. त्यात उपम्याला लिहिलंय, 'अंदाजे पाणी घालावे'. मला तो अंदाजच नाही. उपमा खळीसारखा झाला. बाबांनी काही न बोलता सगळा खाल्ला, ते मला फार लागलं.

ज्यात प्रमाण नीट दिलेलं आहे असं एक पुस्तक सांगा.

---

कढीलिंब

आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. बाबांसाठी तुम्ही ओट्यापाशी उभे राहिलात याचं मनापासून कौतुक वाटतं.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' घ्या. १९७० साली पहिल्यांदा निघालं. माझी प्रत १९८६ ची, लग्नात मावशीने दिलेली. आमटीचं पान हळदीने पिवळं पडलंय आणि चकलीचं पान सुटून हातात येतं. प्रमाण वाटी-चमच्याचं आहे, म्हणून सासरी आल्यावर कुणाला न विचारता मला स्वयंपाक करता आला. माझ्या वयाच्या कितीतरी जणींचं असंच झालंय.

दुसरं कुठलं घ्यायचं मनात असेल तर दुकानात उभं राहून त्यातलं सगळ्यात साधं पान उघडा. पनीरचं नको, केकचं नको, वरणाचं किंवा उपम्याचं. जिन्नस किती, पाणी किती, किती वेळ आणि झालं हे ओळखायचं कसं, एवढं तिथे असेल तर लिहिणाऱ्याने ते स्वतः करून पाहिलंय. साध्या पानावर घाई केलेली दिसली तर पुस्तक खाली ठेवा, फोटो कितीही छान असोत.

मग घरातली एक वाटी ठरवून टाका. आमच्याकडे तीन आकाराच्या होत्या. मी औषधाच्या मापाने पाणी ओतून मोजल्या, तर लहान १०० मिलीची आणि मोठी २०० ची निघाली. पुस्तकातली वाटी आणि तुमची वेगळी असली तरी चालतं, डाळ-तांदूळ-पाणी सगळं एकाच वाटीने घेतलं की प्रमाण जुळतं. फसगत होते ती वाटी आणि चमचा एकत्र येतात तिथे. वाटी मोठी, चमचा तोच, मग मीठ कमी पडतं. मीठ, तिखट आणि सोडा यांच्याकडे म्हणून लक्ष ठेवा.

जुन्या पुस्तकांत प्रमाण बरेचदा चार-सहा माणसांचं असतं. दोघांसाठी निम्मं करताना आमटी-रश्शाचं पाणी निम्म्याहून थोडं जास्त ठेवा, कारण पातेलं तेच असलं तर वाफ जवळजवळ तेवढीच जाते. फोडणीचं तेल निम्मं केलं की ते मोठ्या कढईत बुडाला पसरतं, मोहरी तडतडण्याआधी करपते. एक लहान कढलं घेऊन टाका, फार उपयोगी पडेल.

आणि तुमचा उपमा. रवा बहुतेक कमी भाजला गेला आणि पाणी गार होतं. जाड रवा एक वाटी, पाणी अडीच वाट्या, चांगलं उकळलेलं. रवा मंद आचेवर हलका वाटेपर्यंत भाजायचा, पाणी घालून झाकण ठेवायचं आणि दोन मिनिटांनी गॅस बंद. मग झाकण तसंच पाच मिनिटं राहू द्या.

---

शेंगाचटणी

कढीलिंबताईंशी सहमत, फक्त मला मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा' जास्त हाताशी लागतं. दोन्ही चाळून बघा.

तांदूळ नवा की जुना हे मात्र पुस्तकाला कळणार नाही. जुन्या कोलमला अडीच वाट्या पाणी लागतं, तेवढंच नव्या इंद्रायणीला घातलंत तर गिचका होतो. दुकानदाराला विचारा आणि डब्यावर लिहून ठेवा.

---

देवगडची

दादा, पुस्तक घ्याच, पण आधी आईंची वही शोधा. माझ्या आईची वही नव्हतीच. कालनिर्णयच्या पानांमागे पाककृती छापलेल्या असतात ना, त्यातली तिला आवडलेली पानं तिने साखरेच्या डब्याखाली घालून ठेवली होती, कडेला पेन्सिलीने 'गूळ कमी' असं लिहून. बांगड्याच्या तिखल्यात ती तिरफळं किती घालायची हे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, मामीकडून मिळालं. तुमच्याकडे आमटीत पडणारा मसाला आईंच्याच हातचा असेल तर मावशींना किंवा आत्याला आत्ताच विचारून घ्या.

---

सातारकर_३८

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, राजवाड्यापाशी दुकानात जाऊन 'रुचिरा' आणलं. घरातली वाटी मोजली, १५० मिलीची आहे.

देवगडच्या ताई, वही नाही मिळाली. पण मसाल्याच्या डब्यात आईच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती, 'धने १ किलो, खोबरं पाव, तीळ पाव' आणि पुढचं तेलाने पुसलेलं. आत्याला फोन केला, पुढचं तिला पाठ आहे. रविवारी ती येतेय.

आज तुरीचं वरण केलं. एक वाटी डाळीला तीन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद. जरा पातळ झालं. बाबांनी दुसऱ्यांदा भात घेतला. उद्या पाणी अडीच वाट्या घालतो.