घरातलं दुखणं कवितेत उघडं करावं का?

गोदाकाठची
गेल्या रविवारी कॉलेज रोडवर एका कवितावाचनात आईवरची कविता वाचली. मी दहावीत असताना आई आठ महिने खोलीबाहेर पडली नव्हती. डॉक्टर नैराश्य म्हणाले, घरात आम्ही 'अशक्तपणा' म्हणायचो. कविता त्या शब्दावरच आहे. रात्री मावशीचा फोन आला, "घरची धुणी गंगेवर न्यायची नसतात गं."

मला नाही पटत. तो 'अशक्तपणा'च आम्हाला नडला. औषधं उशिरा सुरू झाली ती त्या खोट्या नावामुळे. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकच्याच. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी वडिलांचं सोवळ्याचं वेड झाकलं नाही, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा तापटपणाही नाही. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा आपली काय दशा झाली, तेही सांगितलं. मग आपण कशाला घाबरायचं?

पंचवटीकर
लक्ष्मीबाईंचं नाव घेताय तर पूर्ण घ्या. टिळक १९१९ साली गेले, 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ साली. मध्ये पंधरा वर्षं गेली. तुमच्या आईला उद्या सकाळी भाजीबाजारात जायचंय, आणि तिथे भेटणाऱ्या बाईने तुमची कविता ऐकलेली असू शकते. तिला विचारलं होतंत का? दुखणं तिचं आणि टाळ्या तुम्हाला, हे मला तरी बरं वाटत नाही.

सातपूरचा
काका, झाकून ठेवणं ही ज्यांना परवडतं त्यांची रीत. दलित कथाकार बाबुराव बागूल इथल्याच विहितगावचे. सुरतेला रेल्वेत नोकरी करताना त्यांना जात लपवून राहावं लागलं. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. ते गप्प बसले असते तर अब्रू कुणाची राहिली असती? लपवायला लावणाऱ्यांचीच. मानसिक आजाराचंही तेच आहे. लाज आजाऱ्याला वाटते, आणि ती त्याच्या अंगाला चिकटवतो आपण.

पंचवटीकर
बागुलांबद्दल दुमत नाही. पण त्यांनी स्वतःचं भोगणं लिहिलं, आणि तेही कथा म्हणून. इथे भोगणारी एक आणि लिहिणारी दुसरी. माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे.

गंगापूर रोडवरून
मी त्या वाचनाला होते. तुझा आवाज कापला तेव्हा सगळी खोली हळहळली. पण घरी आल्यावर मला आठवत राहिला तो तुझा आवाज. ओळी आठवेनात. वाईट वाटून घेऊ नकोस. मीही लिहिते, म्हणून सांगते.

कवितेत आई आहे, बाबा आहेत, शेजारणी आहेत. तू कुठे आहेस? लक्ष्मीबाईंचं मोठेपण इतरांचं सांगण्यात नाही. आपल्या मनातला जातीचा विटाळ कसा जाता जात नव्हता, हेही त्या सांगतात. स्वतःला वगळून लिहिलेलं खरं मला अर्धंच वाटतं. रडू आलं म्हणजे मन उघडं केलं, असंही नाही.

सातपूरचा
ताई, दहावीतल्या पोरीकडून किती हिशेब मागायचा?

गंगापूर रोडवरून
दहावीतल्या पोरीकडून काहीच नाही. पण रविवारी माईकसमोर उभी होती ती मोठी बाई आहे. तिच्याकडून मागतेय.

गोदाकाठची
दोन दिवस उत्तर देता आलं नाही.

एक कडवं मी गाळलं होतं. मैत्रिणी घरी येतो म्हणाल्या की मी सांगायचे, आई सिन्नरला मामाकडे गेलीय. हे दारात उभं राहून. आई आतल्या खोलीत असायची, तिला सगळं ऐकू जायचं. ते कडवं 'बसत नाही' असं स्वतःला सांगून मी काढलं. वृत्तात नीट बसत होतं.

पंचवटीकर काका, आईला विचारलं नव्हतं. काल रात्री तिला वाचून दाखवली, त्या कडव्यासकट. ती बराच वेळ हातातला पदर नीट करत बसली. मग म्हणाली, "सिन्नर नाही, निफाड सांगायचीस."

पंचवटीकर
पुढे वाचायला हो म्हणाल्या का?

गोदाकाठची
"बघू" म्हणाली. तोवर वाचणार नाही. निफाड मात्र लिहून ठेवलंय.