दानिन्स्की पोलिश का?

१९६८ च्या ‘ला मार्का देल ओम्ब्रे लोबो’ या स्पॅनिश चित्रपटाचा नायक, शापाने लांडगामानव होणारा वाल्देमार दानिन्स्की, पोलंडचा असणे ही पटकथेतील निव्वळ लहर आहे, असे एक मत मांडले जाते; ते मला मान्य नाही. पटकथाकार हासिंतो मोलिना (हेच पूर्वाश्रमीचे भारोत्तोलक पुढे पॉल नाशी या नावाने पडद्यावर लांडगामानव झाले) यांनी मूळ नायक स्पेनमधल्याच अस्तुरियासचा कल्पिला होता. परंतु स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीतील सेन्सॉरला स्पॅनिश माणसाचे श्वापदात रूपांतर होणे मंजूर नव्हते, म्हणून त्याला परदेशी करावे लागले.

माझ्या मते या सक्तीने चित्रपटाचे नुकसान झाले नाही, उलट शापित माणसाच्या एकटेपणाला परकेपणाचीही जोड मिळाली. याच नायकाच्या १९७१ च्या ‘ला नोचे दे वालपुर्गिस’ या चित्रपटामध्ये, जिथे त्याची गाठ वांदेसा या रक्तपिपासू सरदारणीशी पडते, तिथे त्याच्यावर प्रेम करणाऱ्या स्त्रीच्याच हातून त्याला मरण येते आणि हे परकेपण मनाला फार लागते. हा चित्रपट केवळ भयपट म्हणून पाहणाऱ्यांनी तो शेवट पुन्हा एकदा अवश्य पाहावा.