अनुभव धागा : संपादकांना लिहिलेली आणि उपयोगी पडलेली पत्रे

मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्यांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघाले. पुढे 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये आलेले लोकहितवादींचे लेखनही पत्ररूपच होते. तेव्हा पत्रलेखन ही कोकणाला नवी गोष्ट नाही. किनारपट्टीवरील ज्यांच्या पत्राने काही घडले, किंवा ज्यांनी अशी पत्रे निवडण्याचे काम केले, त्यांनी पत्रात नेमके काय लिहिले होते ते सांगावे. तक्रार पुन्हा मांडू नये.

बागायतदार, दापोली

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि आमच्याकडील नारळ-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढे फळबागांसाठी हेक्टरी 50 हजार रुपयांची मदत जाहीर झाली. शहरातील वाचकाला ही रक्कम भरघोस वाटणे स्वाभाविक होते, परंतु आमची वाडी आम्ही गुंठ्यांत मोजतो. मी पत्रात एवढाच हिशेब मांडला की एका हेक्टरात साधारण 100 गुंठे, म्हणजे गुंठ्याला जेमतेम 500 रुपये. तेवढ्यात उन्मळलेला माड तोडून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नाही, आणि नव्याने लावलेली पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे जातात. मदत झाडाच्या संख्येवर द्यावी, ही मागणी शेवटच्या वाक्यात होती. ‘बळीराजा’ आणि ‘मायबाप सरकार’ हे शब्द मी मुद्दाम टाळले, कारण ते आले की वाचकाची नजर पुढच्या पत्राकडे सरकते. शासनाने पुढे नारळ-सुपारीला झाडामागे मदत देण्याचे ठरवले. ते माझ्या पत्रामुळे झाले असे मी समजत नाही, मागणी अनेकांची होती; मात्र शेजारच्या गावांतून दिल्या गेलेल्या निवेदनांत गुंठ्याचा हाच हिशेब जसाच्या तसा उतरलेला मी वाचला आहे.

निवृत्त शिक्षक, राजापूर तालुका

आमच्या दोन वाड्यांमधील पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव (लहान पायपूल) खचला होता आणि शाळेची मुले त्यावरूनच ये-जा करीत होती. लिहिण्यापूर्वी हा साकव कोणाच्या नोंदीत आहे, हे मी ग्रामपंचायतीत जाऊन पाहिले; अन्यथा पत्र छापून आल्यावर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. पत्र मे महिन्याच्या सुरुवातीलाच पाठवले. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि एकदा पऱ्या भरून वाहू लागला की दुरुस्ती दिवाळीनंतरवर जाते, त्यामुळे जुलैत लिहिलेल्या पत्राला फार तर सहानुभूती मिळते. वाडीचे नाव, साकवाची जागा, कोणती फळी निखळली आहे आणि पावसाआधी काय करता येईल, एवढेच लिहिले होते. डागडुजी पावसाआधी झाली. पक्का पूल अजून झालेला नाही, आणि त्यासाठी वेगळे पत्र लागेल. दोन मागण्या एका पत्रात घातल्या की सोपी तेवढी पूर्ण करून प्रकरण बंद होते.

माजी उपसंपादक, रत्नागिरी

जिल्हा दैनिकात वाचकांची पत्रे मी अनेक वर्षे पाहिली. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकातून माझ्या पत्रास प्रसिद्धी मिळावी’ येथून सुरू होणारा पहिला परिच्छेद आम्ही न वाचताच कापत असू, त्यामुळे मुद्दा तेथे असेल तर तोही जाई. दीडशे-दोनशे शब्दांचे पत्र रिकाम्या जागेत चटकन बसते. एकच मजकूर सर्व दैनिकांना धाडलेला दिसला की तो बाजूला पडतो. पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक नसेल तर खातरजमा होत नाही. नाव छापू नये असे वाटत असल्यास तसे कळवावे, पण आमच्यापासून लपवू नये. व्यक्तीवर पुराव्याशिवाय आरोप असेल तर पत्र कितीही चांगले असो, बदनामीच्या कायद्यामुळे संपादक हात आखडता घेतो. ‘अमुक अधिकारी पैसे खातो’ हे छापता येत नाही, ‘अमुक काम कागदावर पूर्ण असून जागेवर अपूर्ण आहे’ हे येते. आणि कृपा करून मजकूर युनिकोडमध्ये टंकून पाठवावा, हाताने लिहिलेल्या कागदाचे छायाचित्र नव्हे.

रापणकर कुटुंबातील, मालवण

एलईडी दिव्यांच्या प्रकाशाने मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी त्यावरील बातम्यांत दिवे लावणारे आणि आमच्यासारखे रापणकर असे सगळे मच्छीमार एकाच मापाने मोजले जातात. अशाच एका बातमीचा मथळा आणि तारीख पहिल्या ओळीत देऊन मी तिसऱ्याच दिवशी उत्तर लिहिले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे जाळे, हे एका वाक्यात सांगितले, कारण मुंबई आवृत्तीच्या वाचकाने ते पाहिलेले नसते.

कुडाळ

पत्र छापून आले की काम संपले असे मी मानत नाही. कात्रणाची प्रत जोडून, माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली त्याच विषयावर अर्ज देते. त्याला 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, आणि ते उत्तर पुढच्या पत्राचा मजकूर होते.