मदत हवी आहे : ऊसतोडीला जाणारी दहावीची मुलं

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर गणित शिकवते. दिवाळी झाली की मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली कुटुंबं ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून कारखान्याकडे निघतात, ती पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. दहावीची परीक्षा त्याच्या मधेच येते.

पहिली ते आठवीच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं. शिक्षण हक्क कायदाही 6 ते 14 वयाचाच. नववी-दहावीच्या मुलांचं काय? मुलगे कसेबसे आजीजवळ राहतात. मुलींना मात्र घरचे मागे ठेवायला घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. गेल्या वर्षी एक मुलगी फडातून आली ती थेट परीक्षेलाच. गणित भाग 2 ची म्हणजे भूमितीची वही उसाच्या रसानं चिकट झालेली, प्रमेयं तेवढी सगळी लिहिलेली. पास झाली. पण तिच्याबरोबरच्या दोघी परत आल्याच नाहीत.

कुणी आपल्या शाळेत मुलींची राहण्याची सोय गावातच केली आहे का? जबाबदारी कुणी घेतली, जेवणाचा खर्च कसा भागवला? 75 टक्के हजेरीची अडचण मुख्याध्यापकांनी कशी सोडवली? पालकांशी बोलणी दिवाळीआधी कधी सुरू करता? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.