टवका उडाला, पण कुणाच्या बुटाने?

खटपट्या
काल इथे एका महाशयांनी आपल्या १/३५ मापाच्या पँथर या जर्मन रणगाड्याच्या मॉडेलचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "चिपिंग (रंगाचे उडालेले टवके दाखवणं) नाही ते मॉडेल नाही, खेळणं आहे." दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, आवरलं नाही. म्हणून वेगळा धागा.

तुमचा पँथर डी, म्हणजे पहिली आवृत्ती, आहे, देखावा दुसऱ्या महायुद्धातल्या रशियातल्या कुर्स्कचा. पँथरचं उत्पादन सुरू झालं जानेवारी १९४३ला, कुर्स्कची लढाई जुलैची. म्हणजे गडी फार फार तर सहा महिन्यांचा. त्याला तुम्ही तीस पावसाळे उघड्यावर काढलेल्या बुलडोझरसारखा गंजवलात. तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या पाठीमागे, बरोबर मधोमध, टवक्यांचा घोस आहे. तिथे कोण चढलं होतं? बूट पडतात ते फेंडरवर आणि झाकणांच्या कडांवर. हात लागतो तो अवजारांच्या खाचांपाशी. शिवाय रंग गेला की आधी तांबडा प्रायमर दिसतो. तुमच्याकडे पिवळ्याखाली एकदम चॉकलेटी. मधला थर कुठे गेला, गिळला का?

आणि पट्टी लावून बघा. १ मिमीचा ठिपका या स्केलला साडेतीन सेंटिमीटर होतो. तुमचे काही टवके ताटलीएवढे आहेत.

गंजमहर्षी
महाशय मीच. ताटली आवडली.

मॉडेल लोक हातभर लांबून बघतात, भिंगातून नाही. खऱ्या मापाचा टवका १/३५ला केसाएवढा होतो, तो दिसतच नाही. रंगमंचावरचा नट डोळे काळे करतो ते शेवटच्या रांगेसाठी. जवळून भुतासारखा दिसतो म्हणून त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मला तो पँथर थकलेला दाखवायचा होता. दिसतोय का थकलेला? झालं तर मग.

बाकी तुमची किती मॉडेलं पूर्ण झालीत? मागच्या वर्षभरात फक्त बंद खोक्यांचे फोटो पाहिले तुमचे.

खटपट्या
खोक्यांवर येऊ नका. मुद्दा संपला की माणूस खोक्यांवर येतो.

जुना_पेंटर
अकरा वर्षं मातीकामाच्या यंत्रांच्या रंगशाळेत काढली आहेत, म्हणून बोलतो. इथे सगळ्यालाच टवका म्हणायची पद्धत पडली आहे. टवका धक्क्याने उडतो, त्याची कड तीक्ष्ण असते. पोपडा ओल आत शिरली की फुगतो. ओरखड्याला दिशा असते. आणि पायरीवर होते ती झीज. पायरी आठवा: मधोमध धातू आरशासारखा, त्याला लागून प्रायमरची बारीक कड, मग फिकटलेला रंग, मग धड रंग. तिथे स्पंजाने ठिपके मारून कसं चालेल?

दुसरं, जो भाग रोज घासला जातो तो गंजत नाही, चकाकतो. यंत्र बंद पडून राहिलं की चार दिवसांत त्यावर नारिंगी साय धरते. चालत्या रणगाड्याच्या पट्ट्यांचा जमिनीला टेकणारा भाग नारिंगी रंगवणाऱ्यांना माझा साष्टांग दंडवत.

मात्र गंजमहर्षींचा एक्झॉस्ट बरोबर आहे. तापून तिथला रंग जळतो, नव्या गाडीचासुद्धा.

गंजमहर्षी
चला, सहा किलो प्लास्टिकमधला एक पाइप तरी पास झाला. धन्य झालो.

स्पंजवाली
अवांतर: रणगाडेवाल्यांचं तरी बरं म्हणायचं. मागच्या महिन्यात इथेच १/४८ मापाचं मॉस्किटो, महायुद्धातलं ब्रिटिश विमान, पाहिलं, पंखभर चंदेरी टवके. अहो, मॉस्किटो लाकडी! प्लायवूडची कातडी, मध्ये बाल्सा. लाकूड खरवडून ॲल्युमिनियम कुठून निघालं? ऐंशीच्या वर वाहवा, आणि एकालाही शंका नाही.

शून्य_धीर
ते मॉस्किटो माझं. नाव घेतलं नाहीत त्याबद्दल आभार, पण सगळ्यांना कळलंच.

इंजिनांची आवरणं धातूची असतात, तिथले टवके बरोबर आहेत. पंखांवर हात वाहवला. वाहवला तर वाहवला. पाच महिने खपलो होतो त्यावर.

स्पंजवाली
आवरणांवर चालेल, मान्य. मी पंखांबद्दल बोलले. पाच महिन्यांतली पाच मिनिटं विमान कशाचं आहे हे बघायला दिली असती तर?

शून्य_धीर
ताई, तुमच्या हरिकेन विमानाच्या शेपटीकडचे चंदेरी ओरखडे आठवतात का? मागचा सांगाडा कापडाने मढवलेला असतो. कापडाला ओरखडा पडत नाही, ते फाटतं.

स्पंजवाली
ते माझं तिसरं मॉडेल होतं.

शून्य_धीर
हो ना. आणि माझं पहिलं लाकडी.

रिव्हेटराव
जाता जाता, विमानावर तपकिरी गंज काढणारे अजून या धाग्यावर आले नाहीत, त्यांचीच वाट बघतोय. ॲल्युमिनियम तांबूस गंजत नाही, पांढुरकं होतं. आणि कृष्णधवल फोटोतला प्रत्येक काळा डाग म्हणजे टवका नव्हे. तो चिखल असेल, तेल असेल, सावली असेल. एका स्पर्धेत परीक्षकाने माझ्या विमानावर टॉर्च मारून "जीव नाही" म्हणत गुण कापले. फोटो पुढे केला, त्या विमानावर एक ओरखडा नव्हता. म्हणाला, "फोटोत तसं असेल, पण मॉडेल म्हणून सपाट वाटतं." त्या दिवसापासून स्पर्धा बंद.

गंजमहर्षी
परीक्षक बरोबर बोलला. फोटो खरा असेल, मॉडेल सपाटच असेल. दोन्ही एकदम होऊ शकतं.

रिव्हेटराव
तुम्ही होतात का तो?

जुना_पेंटर
भांडा, पण कोणी पद्धतीबद्दल बोलेल का? टवके पाडायला वरच्या रंगाखाली हेअरस्प्रे मारतात, मग पाण्याने तो विरघळवून रंग उडवतात; त्यात माझा रंग चादरीसारखा सोलून निघाला. एक बाजू अख्खी गेली.

स्पंजवाली
वरचा रंग किती वेळ वाळवलात आणि स्प्रे किती मारलात?

जुना_पेंटर
रात्रभर वाळवला. आणि स्प्रे सढळ हाताने. आमच्या रंगशाळेत पातळ थराला कामचुकारपणा म्हणायचे.

स्पंजवाली
तिथेच गेलं. खाली प्रायमर किंवा गंजाचा रंग, तो वॉर्निशने पक्का बंद. मग स्प्रेचे दोन पातळ हात. त्यावर ॲक्रिलिक, तेही पातळ, आणि अर्ध्या तासाच्या आत काम सुरू. रात्रभर ठेवलं की रंग कडक होतो, पाणी धड आत शिरत नाही. शिरलं की खालचा जाड स्प्रे एकदम विरघळतो आणि चादर निघते. रुपयाएवढी जागा ओली करायची, थोडं थांबायचं, केस आखूड कापलेल्या जुन्या ब्रशाने टोचायचं. घासायचं नाही, टोचायचं. बारीक ओरखड्याला टूथपिक. मनासारखं झालं की ओल पुसून वॉर्निश. नाहीतर पुढच्या वॉशच्या, म्हणजे अगदी पातळ रंग फिरवायच्या, वेळी बोट लागेल तिथे नवा टवका.

खटपट्या
धागा माझा, प्रश्न टवके कुठे असावेत हा, आणि आपण मॉस्किटोवरून हेअरस्प्रेवर आलो. छान.

गंजमहर्षी, रंगमंचाचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. माप वाढवलंत तर वाढवा, तेवढं सोडतो. जागा सोडत नाही. मोठा टवका काढा, पण बूट पडतो तिथे.

गंजमहर्षी
बुरुजाच्या पाठीमागचा घोस पुसला आज सकाळी. तुमच्यामुळे नाही. तिथला वॉश डागाळला होता.

खटपट्या
अर्थात.

शून्य_धीर
मॉस्किटोवरचं चंदेरी मॅट वॉर्निशखाली आहे. न खरवडता काढता येईल का?

स्पंजवाली
काढू नका. मुळातला हिरवा आणि राखाडी अगदी पातळ करून बारीक ब्रशाने प्रत्येक टवक्यावर भरा. पंखावर किती आहेत?

शून्य_धीर
मोजायला बसलो होतो. दोनशेनंतर सोडलं.