मदत हवी आहे: तुपाशिवाय डाळभाजीला चव कशी आणावी?

पोरगी पुण्याहून येतेय, सोबत तिची मैत्रीण. ती दूध, दही, तूप काहीच खात नाही. आमच्याकडे तर तुपाची धार नसली की जेवल्यासारखंच वाटत नाही!

काल घरच्या तुरीच्या डाळीत पालक अन् शेंगदाणे घालून डाळभाजी करून पाहिली. लसूण, सुक्या मिरच्यांची फोडणी जवसाच्या तेलात दिली. तेल जास्त तापलं, सगळी भाजी कडवट. फल्ली (शेंगदाणा) तेलच बरं काय?

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी जड. 5 शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाणेदारच. सोड्यानं शिजते, पण बुळबुळीत होते. चिंच मी आधीच टाकते, तेच चुकत असेल काय? वरून सांबार (कोथिंबीर) आहेच. मंगळवारच्या आत सांगा बायांनो.